सोलापूरच्या गच्चीवरून परक्या ताऱ्याचा ग्रह मोजायचा तर: एका अधिक्रमणाची पूर्ण तयारी

सूर्यमालेबाहेरचा ग्रह आपल्या दुर्बिणीतून दिसत नाही. दिसतो तो त्याचा तारा, आणि तोही टिंबाएवढा. ग्रह ताऱ्यासमोरून जाऊ लागला की तेवढ्या वेळापुरता ताऱ्याचा प्रकाश किंचित उतरतो आणि ग्रह बाजूला झाला की पूर्ववत होतो. याला अधिक्रमण म्हणतात. ६ जून २०१२ च्या सकाळी शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसला होता, तोच हा प्रकार. फक्त तारा इतका लांब असतो की ना त्याची तबकडी दिसते, ना तिच्यावरचा काळा ठिपका. हाती उरते ती प्रकाशातली घट. २००९ साली सोडलेल्या केप्लर आणि २०१८ साली सोडलेल्या टेस या दुर्बिणींनी हीच घट शोधली. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाच्या यादीने ६००० बाह्यग्रहांचा टप्पा गाठला, त्यातले बहुतेक याच पद्धतीने सापडलेले आहेत.

जीवनयोग्य ग्रहांचा शोधही याच मोजमापावर उभा आहे. म्हणून त्या विषयात शिरायचे असेल, तर नुसत्या बातम्या वाचण्यापेक्षा एक घट स्वतः मोजावी. सोलापुरातून ती मोजता येते. डीएसएलआर कॅमेरा, २०० मिमी लेन्स आणि ताऱ्यांबरोबर फिरणारा ट्रॅकर एवढ्यावर काम होते. अवघड असते ते शिस्तीने चार तास एकसारखे फोटो घेणे.

पहिला तारा कोणता

एचडी १८९७३३. दुसऱ्या कुठल्या ताऱ्याने सुरुवात करू नये. त्याची दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ७.७ आहे, म्हणजे साध्या द्विनेत्रीतून दिसतो. अंतर सुमारे ६४ प्रकाशवर्षे. त्याचा ग्रह, एचडी १८९७३३ बी, २००५ साली सापडला. दर २.२१८५७५ दिवसांनी तो ताऱ्यासमोरून जातो, १ तास ४९ मिनिटे समोर असतो आणि ताऱ्याचा प्रकाश २.४ टक्के कमी करतो. इतका तेजस्वी तारा आणि इतकी खोल घट ही जोडी दुर्मीळ आहे. एचडी २०९४५८ हा ताराही जवळपास एवढाच तेजस्वी, आणि १९९९ साली पहिले अधिक्रमण त्याचेच नोंदले गेले. पण त्याची घट दीड टक्काच आणि कालावधी तीन तास. तो दुसऱ्या वर्षी घ्यावा.

आपला तारा जंबुक तारकासमूहात आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी सातला तो सोलापूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो, कारण त्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) +२२.७ अंश आणि आपला अक्षांश १७.७ अंश. तिथे पोहोचायची वाट अशी: आधी श्रवण शोधा. त्याच्या उत्तरेला दहा-अकरा अंशांवर शर तारकासमूहाचा छोटा बाण दिसतो. बाणाच्या टोकाच्या ताऱ्यापासून सरळ उत्तरेला सव्वातीन अंश गेलात की डंबेल तेजोमेघ, म्हणजे एम २७. तीस सेकंदांच्या फोटोत तो निळसर-हिरवा पुसट डाग म्हणून उमटतो. त्याच्या बरोबर पूर्वेला पाव अंशावर आपला तारा. डागाच्या उत्तरेला सुमारे ०.४ अंशावर ५.७ प्रतीचा एक ठळक तारा आहे. नवखे लोक तोच धरून बसतात आणि पुढचे चार तास वाया जातात.

फोटोत पूर्व कुठली हे कळत नसेल तर ट्रॅकर वीस-तीस सेकंद बंद करून एक फोटो काढा. ताऱ्यांच्या रेघा होतील. तारे पश्चिमेकडे सरकतात, पण एका रेघेवरून सुरुवात आणि शेवट ओळखता येत नाही. म्हणून आधी ट्रॅकर चालू असतानाचा एक फोटो घेऊन ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. तारा मूळ जागेवरून ज्या बाजूला ओढला गेला ती पश्चिम, उलटी बाजू पूर्व. शेवटी फोटो अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट या फोटोतले तारे ओळखणाऱ्या संकेतस्थळावर चढवून खात्री करून घ्या.

रात्र निवडणे

जून ते सप्टेंबर ढगांचे महिने. पर्जन्यछायेत असलो तरी सलग चार तास निरभ्र आकाश त्या दिवसांत क्वचितच मिळते, त्यावर बेत आखू नये. खरे हंगाम दोन. एक, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, संध्याकाळचा. दुसरा मे महिन्याचा, रात्री सव्वा वाजल्यापासून पहाटे पावणेपाचपर्यंत.

अधिक्रमणांच्या वेळा स्वार्थमोर कॉलेजच्या ट्रान्झिट फाइंडर या संकेतस्थळावर मिळतात. तिथे अक्षांश १७.६६ उत्तर, रेखांश ७५.९१ पूर्व असे भरा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, येत असेल तर ५ तास ३० मिनिटे मिळवा. इथे चूक हमखास होते ती तारखेची. १० मे रोजी पहाटे २ वाजताचे अधिक्रमण यूटीसीत ९ मेच्या २०:३० ला लिहिलेले असते. मुहूर्त एक दिवसाने चुकतो आणि माणूस रिकाम्या ताऱ्याचे फोटो घेत बसतो. कागदावर भारतीय वेळ, वार आणि 'रात्र अमुक ते अमुक' असे तिन्ही लिहा.

पुढचे अंदाज हातानेही करता येतात. पाच फेऱ्या म्हणजे ११ दिवस २ तास १४ मिनिटे, आणि नऊ फेऱ्या म्हणजे २० दिवसांना ४७ मिनिटे कमी. म्हणजे आज रात्री साडेनऊला अधिक्रमणाचा मध्य असेल, तर वीस दिवसांनी तो पावणेनऊच्या सुमारास येईल.

एक तास आधी, एक तास नंतर आणि मधले १ तास ४९ मिनिटे, असे जवळपास पावणेचार तास लागतात. अधिक्रमणाबाहेरचा तास गाळायचा मोह होतो, पण नेमका तोच तास सांगतो की ताऱ्याचा 'पूर्ण' प्रकाश किती. तो नसेल तर घट मोजायची कशापासून? ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेसातला मोजमाप सुरू करता येते आणि साडेदहापर्यंत तारा ३७ अंशांवर येतो. त्याखाली हवेचा थर जाड होतो. म्हणून मध्य सव्वाआठ ते पावणेनऊच्या दरम्यान असलेली रात्र सर्वोत्तम. अशी रात्र एका हंगामात एखादीच येते, कधी तीही नाही. तेव्हा अर्धे अधिक्रमण मिळत असेल तर तेही सोडू नका. नुसती उतरण किंवा नुसती चढण आणि तिच्या बाहेरचा एक तास मिळाला, तरी त्यातून शिकायला होते.

दिवाळीचे चार-पाच दिवस याच हंगामात येतात. फटाक्यांचा धूर सगळीकडे सारखा नसतो, तो पुंजक्यांनी सरकतो. त्यामुळे शेजारशेजारच्या ताऱ्यांवर त्याचा परिणाम वेगवेगळा होतो आणि तुलना बिघडते. ती रात्र सोडून द्या. गावाबाहेर जाणार असाल तर जवळपास उसाचे पाचट पेटवणार आहेत का, तेही आधी विचारा.

जागा

हा तारा इतका तेजस्वी आहे की शहरातूनही चालेल. मंगळवेढ्याकडचे ज्वारीचे सपाट रान किंवा अक्कलकोट तालुक्यातली मोकळी शिवारे अर्थात उत्तम, पण पहिल्या प्रयत्नाला घरची गच्चीच बरी. वीज आणि पाणी हाताशी असते, आणि काही विसरले तर जिना उतरून आणता येते.

सोलापूरच्या गच्चीचा पहिला प्रश्न उष्णतेचा. मे महिन्यात दिवसभर बेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. त्या उबेने तारा थरथरतो. संध्याकाळी सहाला दोन-तीन बादल्या पाणी मारा, आठपर्यंत ते सुकून जाते आणि स्लॅब बराच निवतो. रात्री उशिरा पाणी मारू नका, ओल लेन्सवर धरते.

दुसरा प्रश्न हादऱ्यांचा. तिपाई स्लॅबच्या मधोमध ठेवली तर आपण चाललो तरी तारा नाचतो. कॉलम किंवा भिंतीच्या वर ती ठेवा. जुन्या माळवदाच्या घरात तर मधला भाग पायाखाली दबतो, तिथे कडेच्या भिंतीजवळचीच जागा घ्या. आसपास यंत्रमाग रात्रपाळीत चालू असतील तर आधी तपासून पाहा: कॅमेऱ्याच्या पडद्यावर एखादा तारा दहापट मोठा करून एक मिनिट टक लावून बघा. तो सारखा बारीक कंप घेत असेल तर जागा बदला. शेतात काळ्या मातीत तिपाईचे पाय हळूहळू रुततात, विशेषतः परतीच्या पावसानंतर. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा एकेक तुकडा ठेवला की हे थांबते.

तिसरा, ध्रुवाचा. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून पावणेअठरा अंशच वर असतो. उत्तरेला दुमजली घर किंवा पाण्याची टाकी आली की तो गेलाच. म्हणून उत्तर बाजू मोकळी असलेला गच्चीचा कोपरा निवडा. दिवसा कंपासने दिशा ठरवा आणि फरशीवर खडूने रेघ ओढून ठेवा. माउंट (ट्रॅकरची फिरती बैठक) विकत घेण्यापूर्वी ते १७ अंशांपर्यंत खाली झुकते का, आणि तसे झुकवल्यावर वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो का, हे दुकानातच पाहावे.

साहित्य

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, २०० मिमी लेन्स (एफ/२.८ किंवा एफ/४), विषुववृत्तीय ट्रॅकर, मजबूत तिपाई, ठरावीक अंतराने फोटो घेणारा रिमोट, ३२ जीबीचे कार्ड आणि चार तास पुरेल अशी वीज. कॅमेऱ्याची एक बॅटरी पुरत नाही, आणि मध्येच बदलताना फ्रेम हलते. म्हणून बॅटरीच्या जागी बसणारा अ‍ॅडॅप्टर घ्या, आणि तो थेट भिंतीतल्या प्लगवर न लावता पॉवर बँक किंवा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. लाइट गेली तरी मोजमाप तुटत नाही.

एपीएस-सी सेन्सरवर २०० मिमी लेन्स सुमारे ६.४ × ४.३ अंशांचे क्षेत्र दाखवते. हा मोठा फायदा आहे, कारण तुलनेला त्याच प्रतीचे बरेच तारे मिळतात. सहा-आठ इंची दुर्बीण असली तरी या पहिल्या ताऱ्यासाठी लेन्सच सोपी पडते, असे आमचे मत आहे. आठ इंची दुर्बिणीच्या अर्ध्या-पाऊण अंशाच्या क्षेत्रात एवढा तेजस्वी जोडीदार सापडणे कठीण जाते.

लहान लेन्सची मर्यादाही समजून घ्या. वातावरणामुळे तारे लुकलुकतात आणि ही लुकलुक लहान भिंगाला जास्त जाणवते. ५० मिमी व्यासाच्या भिंगाला, तारा बराच वर असताना, एका मिनिटाच्या मोजमापात तिच्यामुळे सुमारे ०.४ टक्के चढउतार येतो. आठ इंची आरशाला तो साधारण ०.१५ टक्के असतो. २.४ टक्क्यांची घट दोन्हीत दिसते. लेन्सवाल्यांनी पाच-पाच मिनिटांची सरासरी काढायची, एवढेच.

रंगीत तालीम

अधिक्रमण नसलेल्या एखाद्या संध्याकाळी हाच तारा, हीच जागा, हेच साहित्य घेऊन दीड तास मोजमाप करा. आलेख सपाट यायला हवा. पाच मिनिटांच्या सरासऱ्या अर्ध्या टक्क्याच्या आत राहिल्या तर तुम्ही तयार आहात. त्यापेक्षा जास्त हलत असतील तर चूक आधी शोधा. मुख्य रात्री ती सापडणार नाही. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पहिल्या अपयशाचे कारण बहुधा तेच असते.

कॅमेऱ्याची मांडणी

फोटो फक्त रॉ स्वरूपात. जेपीजीमध्ये कॅमेरा उजळ-अंधाराचे प्रमाण स्वतःच्या मनाने बदलतो, त्यावरून दोन टक्के मोजणे शक्य नाही. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ झाकण लावल्यासारखा बसून राहतो आणि अर्धी रात्र जाते. ऑटोफोकस बंद. लेन्समधले स्टॅबिलायझेशनही बंद.

फोकस मुद्दाम बिघडवायचा. टोकदार तारा चार-पाच पिक्सेलवर पडतो, आणि तो अर्धा पिक्सेल सरकला तरी मोजमाप बदलते. दहा ते पंधरा पिक्सेल व्यासाची छोटी चकती होईल इतपत फोकस हलवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. रात्री हवा थंड होताना रिंग आपोआप थोडी सरकते, म्हणून पट्टी हवीच.

सुरुवात आयएसओ ४०० आणि ३० सेकंदांनी करा. मग एक फोटो उघडून आपल्या ताऱ्याच्या सर्वांत उजळ पिक्सेलची किंमत पाहा. १४ बिटांच्या कॅमेऱ्यात कमाल किंमत १६३८३ च्या आसपास असते. आपली ६००० ते १०००० मध्ये असावी. त्याहून वर गेली तर तारा 'भरून' जायचा धोका, आणि भरलेला तारा प्रकाश कमी झाला तरी तेवढाच दिसतो. अशा वेळी एक्स्पोजर कमी करा किंवा चकती मोठी करा. एकदा ठरले की रात्रभर काहीही बदलायचे नाही.

कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवा. सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा फोटो त्याच कॅमेऱ्याने घ्या, म्हणजे रात्रभरात घड्याळ किती सरकले ते कळते.

मुख्य रात्र

मध्य साडेआठला आहे असे धरू. म्हणजे ग्रह सात-पस्तीसच्या सुमारास ताऱ्यासमोर येऊ लागेल आणि नऊ-पंचवीसला बाहेर पडेल.

पाच वाजता साहित्य गच्चीवर न्या, उघडे ठेवा, हवेच्या तापमानाला येऊ द्या. सूर्यास्तानंतर आकाश अजून उजळ असताना लेन्सवर स्वच्छ पांढरे, बिननक्षीचे सुती कापड ताणून बसवा आणि डोक्यावरच्या आकाशाकडे रोखून २५ फोटो घ्या. हे फ्लॅट. फोकस आणि छिद्र रात्री असेल तेच हवे, म्हणून फोकस आदल्या दिवशी ठरवून रिंगवर खूण केलेली असावी. उजेड मधल्या पट्टीत येईल इतपत एक्स्पोजर ठेवा. लेन्सच्या कडेला प्रकाश कमी पोहोचतो आणि सेन्सरवर धूळ असते, तो दोष यातून निघतो. सोलापुरात धुळीची कमतरता नाही, फ्लॅट कधीही गाळू नका.

साडेसहाला ध्रुव दिसू लागला की अक्ष जुळवा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे ०.६ अंश दूर असतो, त्यामुळे ट्रॅकरच्या ध्रुवदर्शीतल्या वर्तुळावर तो मोबाइल अ‍ॅप दाखवील त्या जागी ठेवायचा. मध्यावर ठेवला की ताऱ्यांचा प्रवाह सुरू झालाच समजा. मग तारा फ्रेमच्या मधोमध आणा.

पावणेसातपासून ३० सेकंदांचा फोटो, ५ सेकंदांची उसंत, असे चक्र सुरू करा. साडेदहापर्यंत ३८० च्या वर फोटो होतात, एक फोटो २५ एमबीचा धरला तर सुमारे १० जीबी. दर वीस मिनिटांनी एक फोटो पाहा: तारा मूळ जागेपासून किती सरकला? शंभर पिक्सेलच्या आत असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर दोन फोटोंच्या मध्ये हळूच परत आणा आणि वेळ वहीत लिहा. ढगाचा पुंजका, शेजारच्या घराचा दिवा, वाऱ्याची झुळूक, लेन्सवरचे दव, सगळे वेळेसकट लिहा. नंतर आलेखात एखादा खड्डा दिसला तर खुलासा या वहीतूनच मिळतो.

जर्मन पद्धतीच्या माउंटवर दुर्बीण असेल तर तारा माथ्यावरून पश्चिमेला कधी उतरतो ते पाहून ठेवा. त्या वेळी दुर्बीण उलट बाजूला फिरवावी लागते, सगळे तारे सेन्सरच्या वेगळ्या जागी जातात आणि आलेखात पायरी पडते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मोजमाप सुरू होईपर्यंत तारा माथ्याच्या आसपास किंवा पुढे गेलेला असतो, त्यामुळे पश्चिमेच्या बाजूनेच सुरुवात केली की हा प्रश्न उरत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात तो पूर्वेकडून चढत येतो, तेव्हाही उजाडेपर्यंत पूर्वेलाच राहतो.

संपल्यावर लगेच, कॅमेरा गरम असतानाच, लेन्सला झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे २५ फोटो घ्या. हे डार्क. सेन्सरची स्वतःची गळती, म्हणजे अंधारातही उमटणारा खोटा उजेड, दर ६ अंश सेल्सिअसला जवळपास दुप्पट होते. मेच्या रात्री हवाच २८ अंशांवर असेल तर सेन्सर आणखी वर असतो, आणि दुसऱ्या दिवशी पंख्याखाली घेतलेले डार्क त्याला जुळत नाहीत. उन्हाळ्यात निम्मे डार्क आधी, निम्मे नंतर घ्यावेत. सर्वांत कमी एक्स्पोजरचे २५ बायस फोटोही घेऊन ठेवा.

संगणकावर

अ‍ॅस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. रॉ फाइलींचे आधी फिट्स या खगोलशास्त्रातल्या फाइल-स्वरूपात रूपांतर करून त्यातला फक्त हिरवा रंग वेगळा काढा. हिरव्यात सर्वांत जास्त पिक्सेल असतात आणि तो दृश्यप्रतीच्या जवळचा. मग बायस आणि डार्क वजा करा, फ्लॅटने भागा.

मोजण्याचे वर्तुळ चकतीच्या त्रिज्येच्या सुमारे दीडपट ठेवा, बाहेर आकाशाचा उजेड मोजणारे कडे. तुलनेचे चार ते सहा तारे निवडा: आपल्या ताऱ्यापेक्षा एका प्रतीहून जास्त फरक नको, बदलते तारे नकोत, आणि रंगही जवळचा हवा. आपला तारा नारिंगी आहे. निळ्याशार ताऱ्याशी तुलना केली की तारे पश्चिमेला उतरताना निळा प्रकाश जास्त गळतो आणि आलेख तिरपा होतो.

तुलनेने काय साधते, ते आकड्यांत बघा. समजा सुरुवातीला आपल्या ताऱ्याची मोजणी २,५०,००० आणि तुलनेच्या ताऱ्याची २,००,०००. भागाकार १.२५०. तासाभराने पातळ धूसर आले, तुलनेचा तारा १,८०,००० वर उतरला आणि आपला २,१९,६०० वर. नुसत्या डोळ्यांनी पाहणारा म्हणेल दोन्ही मंद झाले. पण भागाकार आता १.२२० आहे, आणि १.२२० भागिले १.२५० म्हणजे ०.९७६. धूसराने दोघांचे १० टक्के घेतले, वरचे २.४ टक्के ग्रहाने घेतले.

आलेख बिघडला तर कारण त्याच्या आकारातच असते. सगळी रेघ एका बाजूला कललेली असेल तर तो हवेच्या थराचा किंवा रंगाचा परिणाम, 'एअरमास डीट्रेंड' (हवेच्या थरामुळे आलेला कल काढणारी सोय) लावा. अचानक पायरी दिसली तर त्या वेळी फ्रेम सरकली किंवा फोकस हलला. हळू लाटा दिसल्या तर तारा सेन्सरवर सरकतोय आणि फ्लॅट कच्चे आहेत. घट एकाच तुलना-ताऱ्याबरोबर दिसते आणि बाकीच्यांबरोबर नाही, तर तो तुलना-ताराच बदलता आहे, त्याला काढा. घट अपेक्षेपेक्षा उथळ आली तर मोठ्या वर्तुळात शेजारचा तारा शिरला असेल. डीट्रेंडच्या बाबतीत हात आखडता ठेवा. एअरमाससोबत आणखी चार गोष्टी जोडत गेलो तर आलेख देखणा होतो, पण ती घट आपण घडवलेली असते.

आलेखातून ग्रह

घट ०.०२४. तिचे वर्गमूळ ०.१५५, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या १५.५ टक्के. तारा सूर्याच्या ०.७६ पट, आणि सूर्याची त्रिज्या पृथ्वीच्या १०९ पट. गुणाकार केला की पृथ्वीच्या सुमारे १२.८ पट येतात, गुरूपेक्षा थोडा मोठा ग्रह.

आता अंतर. ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या ०.८ पट, एक फेरी २.२१८६ दिवसांची. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने वर्षांतल्या काळाचा वर्ग गुणिले ०.८, त्याचे घनमूळ: ०.०३१ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). तारा सूर्याच्या साधारण एक-तृतीयांश प्रकाश देतो. ०.३३ भागिले ०.०३१ चा वर्ग, म्हणजे पृथ्वीला मिळतो त्याच्या ३४० पट उजेड. तिथे पाणी द्रवरूपात राहण्याचा प्रश्नच नाही.

हाच शेवटचा हिशेब जीवनयोग्य पट्ट्याचा आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रहाला पृथ्वीच्या साधारण १.१ पट ते ०.३५ पट प्रकाश मिळत असेल, तर पृष्ठभागावर पाणी टिकण्याची शक्यता धरतात. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटूच्या, म्हणजे लहान आणि थंड ताऱ्याच्या, ई या ग्रहासाठी करून पाहा: ताऱ्याचा प्रकाश सूर्याच्या ०.०००५५ पट, अंतर ०.०२९३ एकक. उत्तर ०.६४ येते, पट्ट्याच्या आत. प्रॉक्सिमा या दुसऱ्या लाल बटूच्या बी ग्रहासाठीही ते ०.६६ च्या आसपास येते. पट्ट्यात असणे म्हणजे फक्त योग्य उजेड मिळणे. हवा आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. ट्रॅपिस्ट-१ च्या आतल्या दोन ग्रहांवर जेम्स वेब दुर्बिणीला २०२३ मध्ये दाट वातावरणाची खूण मिळाली नाही. लाल बटू ताऱ्यांचे भडके जवळच्या ग्रहांची हवा उडवून लावू शकतात.

मग शोध लाल बटूंभोवतीच का? तेही आपल्या आलेखावरूनच उमगते. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर घट ०.००८४ टक्के, वर्षातून एकदा, तेरा तास. आपण अर्ध्या टक्क्यासाठी झगडतो. तीच पृथ्वी ट्रॅपिस्ट-१ समोरून गेली तर घट ०.५९ टक्के, सत्तरपट, आणि फेरी काही दिवसांची. अडचण एवढीच की तो तारा दृश्यप्रकाशात १८.८ प्रतीचा, गच्चीच्या आवाक्याबाहेरचा.

आकार अधिक्रमणातून कळतो, वस्तुमान ताऱ्याच्या डगमगण्यातून. ते काम आपल्याकडे माउंट अबूच्या गुरुशिखरावरचे पारस उपकरण करते. २०१८ साली त्याने सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या २७ पट असल्याचे मोजले.

पुढचे तारे

आठ इंची दुर्बीण आणि थंड ठेवता येणारा कॅमेरा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात देवयानीतला एचएटी-पी-३२ बी घ्या: तारा अकराव्या प्रतीचा, घट २ टक्क्यांहून जास्त, अवधी तीन तास. जानेवारीत सारथीतला डब्ल्यूएएसपी-१२ बी. घट १.४ टक्केच, पण हा ग्रह ताऱ्याकडे घसरत चालला आहे आणि त्याची फेरी दरवर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी लहान होते. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शहरातून याचा नाद करू नका, दारूकामाचा धूर आणि रोषणाई दोन्ही आड येतात. मार्चमध्ये मघा नक्षत्राच्या दक्षिणेला डब्ल्यूएएसपी-४३ बी, फक्त १ तास १२ मिनिटांचा आणि अडीच टक्के घटीचा, मात्र तारा १२.४ प्रतीचा. त्याच भागात बिभा हा तारा आहे. भारताने २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून सुचवलेले हे नाव आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने स्वीकारले. त्याच्या ग्रहाचे नाव संतमस. त्याची घट मोजता येत नाही, पण द्विनेत्रीतून तारा जरूर पाहा.

निकाल पाठवायचे असतील तर एएव्हीएसओ, एक्सोप्लॅनेट वॉच आणि एक्सोक्लॉक हे तिन्ही उपक्रम हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेतात. मोठ्या दुर्बिणींचा वेळ मिनिटांनी वाटलेला असतो. अधिक्रमणाची वेळ जुन्या आकड्यांवरून पुढे मोजत गेले की चूक साचत जाते, ती अशा नोंदींनी कमी होते. वेळ बीजेडी-टीडीबी या पद्धतीत द्यावी लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचा प्रकाश आठ मिनिटांपर्यंत लवकर-उशिरा पोहोचतो आणि टीडीबी यूटीसीच्या ६९ सेकंद पुढे आहे, या दोन्ही दुरुस्त्या अ‍ॅस्ट्रोइमेजजे करते, फक्त अक्षांश-रेखांश आणि ४५७ मीटर उंची भरून ठेवा. डीएसएलआरच्या हिरव्या रंगासाठी फिल्टरच्या रकान्यात 'टीजी' हा संकेत लिहा. आणि रॉ फाइली, डार्क, फ्लॅट, वहीच्या पानांचे फोटो हे सगळे एकाच फोल्डरमध्ये तारीख घालून दोन हार्ड डिस्कवर ठेवा. पुढच्या वर्षी चांगली पद्धत शिकलात की हीच रात्र पुन्हा मोजता येईल.